एका बल्बचा नाताळ

स्कॉलरशिप अडकली. एक सही राहिली म्हणे,
आणि साहेब उगवणार थेट दोन जानेवारीला.
मितालीने जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर मांडलं:
तिघींचे मिळून दोनशे ऐंशी.
दूध, पाव, दोडामार्गची बस.
बसवर तिने रेघ मारली,
खोडली, पुन्हा मारली.
म्हणजे आम्ही इथेच. सांताक्रूझला,
एर्मेलिंदाबायच्या जिन्यावरच्या खोलीत.

अख्ख्या वाड्यावर चांदण्या लागल्या.
दुकानातली साधी, कागदी, एकशे वीसला.
आम्ही विहिरीमागून कामट्या उचलल्या,
चवथीच्या माटोळीतून सुटलेल्या,
झेरॉक्सवाल्याने फेकलेला बटर पेपर,
बिटाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला,
आणि खळ म्हणून पेजेचा निवळ.
ठरली होती पाच टोकं.
झाली साडेचार.
आखूड टोक भिंतीकडे वळवलं.

जिन्याच्या माथ्यावर रिकामा होल्डर होताच.
बल्ब मात्र एकच, तो खोलीतला.
चांदणी पेटली,
खोली विझली.
पेपर सहा तारखेपासून,
म्हणून तिघी पायऱ्यांवर, एकीखाली एक,
मांडीवर वही घेऊन,
आणि बेन्झिनचे सगळे षट्कोन
गुलाबी.

चोवीसला पणजीत गेलो.
फेरीबोटीत चालत्या माणसाला पैसे पडत नाहीत,
तेव्हा तीनदा बेती, तीनदा पणजी.
चौथ्यांदा दोरीवाल्याने विचारलं,
बायांनो, काही हरवलंय का?
बेकरीच्या काचेआड बेबिंका होती.
मी थर मोजले सात, गौतमीने आठ.
आतली मुलगी म्हणाली, किती देऊ?
गौतमी म्हणाली, थांब, मोजतोय अजून.
मग केकच्या कापलेल्या कडा घेतल्या,
तीस रुपयांना पिशवीभर,
त्यात एक अख्खी चेरी निघाली.
ती कुणी खाल्ली
यावर अजून वाद आहे.

मिसा चर्चच्या पटांगणात, उघड्यावर.
आम्ही शेवटच्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर,
सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं.
मिताली बसली ती झोपलीच.
दवाने ओढणी ओली.
बारा वाजता घंटा झाली,
अनोळखी म्हाताऱ्याने तिघींचे हात हातात घेतले,
त्याच्या कोटाला डांबरगोळीचा वास होता
आणि मला उगाच बाबांची लग्नातली पेटी आठवली.

डान्सचं तिकीट सहाशे, तेही जोडप्याला.
भिंतीपलीकडे बँड.
भिंतीअलीकडे कापलेलं शेत,
फुकट.
धसकटं टोचत होती,
म्हणून चपला घालूनच नाचलो,
गाणं संपलं की पलीकडच्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या.

परत आलो तर एर्मेलिंदाबाय पायरीवर,
मांडीवर झाकलेलं ताट.
म्हणाली, भायर उजवाड, भितर काळोख,
तुमी घरा गेल्यात म्हण दिसलें माका.
खोटं बोलले मी: बल्ब उडालाय.
तिने वर चांदणीकडे पाहिलं,
मग आखूड टोकाकडे. दिसलंच तिला.
काही बोलली नाही.
शेजारच्यांची नजर चुकवतात तशी
आमची नजर चुकवून म्हणाली,
आंतोनियूचा फोन आज लागला नाही.
तो स्विंडनला. तिथे आता बर्फ असेल
की पाऊस, तिला ठाऊक नव्हतं.
आम्ही केकच्या कडा पुढे केल्या.
तिने घेतली एक, आणि चौघी त्या उजेडात
चावत बसलो, बराच वेळ.

ताटात नेवऱ्या, कुलकुल, दोदोलचा काळा तुकडा,
आणि बेबिंका.
थर आठच होते.

रिकामं ताट परत द्यायचं नसतं,
ही आईची शिकवण. खोलीत काय होतं?
चार आमसुलं, अर्धा कांदा, गौतमीचा च्यवनप्राश.
शेवटी ठरलं, संक्रांतीला तिळगूळ घालून देऊ.
तोवर सही होईल, पैसे येतील.

आज अकरा जानेवारी.
सही झालेली नाही.
बल्ब आत आलाय, चांदणी तशीच आहे, विझलेली,
आणि एर्मेलिंदाबायच्या ताटात
आम्ही आळीपाळीने भात जेवतोय.