भौगोलिक कारणे द्या

अटाकामा वाळवंटात पाऊस पडत नाही. गुण तीन.
एकतीस वर्षं हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला.
थंड सागरी प्रवाह, अँडीजची पर्जन्यछाया,
आणि तिसरा मुद्दा जो पोरं हमखास विसरायची,
त्याचा एक गुण मी न चुकता कापला.
आता ते तीन गुण चार माणसं होऊन
माझ्या बजाजनगरच्या जिन्यानं
ओल्या चपला हातात धरून वर जातात.

एस्तेबान मिहानमध्ये विमानांची इंजिनं उघडतो.
मारिसोल. नऊ वर्षांची इनेस. सहाचा लाउतारो,
ज्याला समोरचे देवतळे 'लवतारे' म्हणतात
आणि तो ओ देतो.

पहिल्या शनिवारी गच्चीवर गेले, तर
कुकर, परात, पोळ्यांचा डबा, कपड्यांचा टब,
घरातलं झाडून सगळं उघड्यावर मांडलेलं,
आणि मारिसोल पन्हाळीखाली बादल्या बदलतेय,
एक भरली की दुसरी, धावतपळत,
जणू कुणी नळ बंद करायला विसरलंय
आणि बिल तिच्या नावानं येणार आहे.
मी म्हटलं, अगं, सप्टेंबरपर्यंत आहे हा.
तिला कळलं नाही. किंवा कळलं, पटलं नाही.

मला दुभाषी म्हणून नेतात.
माझं इंग्रजी शाळेपुरतं, त्यांचं त्याहून थोडं कमी,
म्हणून जमतं.
नोकरीत असताना प्रत्येक पावसाळी सहल
मी नामंजूर केली होती. मुलं आजारी पडतात.

फुटाळ्यावर वाऱ्यानं छत्री उलटी झाली,
ती लाउतारोनं तशीच धरली, कटोऱ्यासारखी.
भुट्टेवाली म्हणाली,
"काऊन बाप्पा, पाणी विकते का हे पोट्टं?"
याचं भाषांतर मी केलं नाही.

नागपंचमीनंतरच्या शनिवारी झिल्पीला निघालो.
वाटेत नाल्यावरचा रपटा बुडालेला.
बकऱ्या, संत्र्याच्या कलमा लादलेला टेम्पो,
बारशाला निघालेलं एक अख्खं घर, पाळण्यासकट.
एस्तेबान म्हणाला, फोन कुणाला करायचा?
टेम्पोवाल्यानं तंबाखू मळत पाण्याकडे बघितलं.
"उतरते ना जी. तो दगड दिसला का निंगाचं."
दगड दिसायला साडेतीन तास लागले.
मारिसोलनं खिडकीबाहेर बाटली धरून ठेवली होती,
हात दुखला की दुसरा हात.
इनेसनं मला गाठलं. इथे पाऊस का पडतो?
मी पाठ सरळ केली. बंगालच्या उपसागराची शाखा,
कमी दाबाचा पट्टा, बाष्प,
काचेवरच्या धुक्यात बोटानं नकाशासुद्धा काढला.
तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,
पण आपल्यावर पडतोय. त्या शेतात नाही. ते का?

पुस्तकात नव्हतं.
पाळण्यातलं बाळ नाव नसतानाच झोपून गेलं,
त्याची आत्या लाउतारोला घुगऱ्या भरवत होती.

पोळ्याच्या सुमाराला जोडे हिरवे झाले.
एस्तेबानचा पट्टा, तिची चामड्याची पर्स.
एका पासपोर्टचं पान फुगलं,
घरचा शिक्का निळा निळा पसरला.
दोन दिवस वरून चढ्या आवाजातलं स्पॅनिश येत होतं.
डांबराच्या गोळ्या, जुनी वर्तमानपत्रं घेऊन मी वर गेले.
इनेसनं दार उघडलं, तोंड उघडलं नाही.
त्या शनिवारी गाडी निघाली नाही.

रविवारी जिन्यात मारिसोल, मांडीवर ती बाटली,
डिंक, कागदाची पट्टी. आईला न्यायची आहे म्हणाली.
मी म्हटलं, शेवाळं धरेल.
"तिनं ते अजून बघितलेलं नाही."

माझं अक्षर चांगलं, म्हणून पट्टी मी लिहिली.
झिल्पीचा रपटा. शनिवार. दुपारी सव्वाचार.
खाली जागा उरली होती, तर आणखी एक ओळ:
पलीकडच्या शेतात नव्हता.