हवा थंड असताना

कळंबोलीच्या स्टील मार्केटात पहाटे साडेचारला
लोखंड अजून रात्रीचंच गार असतं.
दस्तगीर मुलाणीचा ट्रेलर माझ्या दुकानासमोर लागतो.
पाठीवर एकच कॉइल, सव्वीस टन,
साखळदंडांत जखडलेली,
जशी काही कुणी उचलून नेणार आहे.

"वहिनी, सगळ्यांना एकशे चाळीस मारा.
माल जड आहे."

सगळे असंच म्हणतात.
जड म्हटलं की भरा.
मी आधी हातोडी घेते.
बावीस चाकं, बावीस ठोके.
भरलेला टायर टणकन बोलतो, हातोडी परत देतो.
कमी हवेचा थप्प करतो
आणि हातोडी क्षणभर स्वतःकडेच ठेवून घेतो.

टायरच्या कुशीवर आकडा छापलेला असतो,
तो कारखान्याचा. माझ्यापलीकडे जाऊ नको,
एवढंच तो सांगतो.
तुझ्या घोड्यावर किती ओझं उतरलंय,
कॉइल हातभर पुढे बसलीय की मागे,
ते त्याला काय ठाऊक?
काट्याची पावती दाखव.

पावती त्याने टोपीतून काढली.
घामाने आकडे फुटले होते, पण वाचता आले.
मी मडगार्डवर खडूने लिहिलं:
पुढच्या दोघांना एकशे वीस,
घोड्याच्या मागच्या आठांना एकशे दहा,
ट्रेलरच्या बारांना एकशे पंचवीस.
जास्त भरलीस तर टायर मधोमध झिजेल,
खड्ड्यात दगडासारखा आपटेल.
कमी भरलीस तर कुशी वाकून वाकून तापतील
आणि बोरघाटात तुला वास येईल,
तेव्हा थांबायला जागा नसेल.

जोडीतला आतला टायर कुणी बघत नाही.
त्याचा वाल्व्ह हाताला लागत नाही.
तो बसला तरी गाडी चालते.
बाहेरचा दोघांचं ओझं घेऊन पळतो,
पनवेल, खोपोली, लोणावळा,
आणि मग तोच फुटतो.
लोक म्हणतात, नवा होता की हो, कसा फुटला?

कमलाकरवर रिंग उडाली त्याला तीन वर्षं झाली.
एकच टायर होता, साखळी घातली नव्हती,
गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं.
जबडा शिवला. डावा डोळा गेला.
आता तो रोडपालीच्या खोलीत दुकानाचा हिशेब लिहितो,
रविवारी गेजची काच पुसून देतो,
म्हणतो, बघ, काटा कसा स्वच्छ दिसतोय.
मी हो म्हणते.
काम सुरू झालं की आतल्या टायरपाशी उकिडवी बसते,
कोपरापर्यंत हात घालते
आणि गेज दोनदा लावते.

सहाव्या दिवशी भर दुपारी दस्तगीर परत आला.
ट्रेलर रिकामा, साखळ्या खळखळतायत.
"हवा काढा वहिनी, गाडी नुसती उडतेय."
गेज लावला: एकशे बेचाळीस.
तो टाळी वाजवून हसला,
"झाली ना शेवटी एकशे चाळीसच!
मी म्हणत होतो तेव्हा ऐकलं नाहीत."

अरे, ही काय माझी हवा आहे?
एकशे पंचवीस माझी.
वरचं सगळं रस्त्याचं, उन्हाचं, तुझ्या ब्रेकांचं.
आत्ता काढली तर रात्री निवल्यावर
टायर बसलेला सापडेल
आणि तू माझ्या नावाने बोंब मारशील.

"मग?"
मग काय. बस.
चहा सांग दोन.

तो रिकाम्या रिमवर बसला, मी तेलाच्या डब्यावर.
त्याने चाकणच्या वॉचमनची काहीतरी गोष्ट सांगितली,
मी अर्धीच ऐकली.
तापलेल्या रिमा बारीक कडकडत होत्या.
ट्रेलरखालची सावली हळूहळू बाहेर सरकली,
एका एक्सलच्या बाहेरच्या चाकांवर आली,
मग पुढच्या.

आतल्या टायरांवर ती आधीपासूनच होती.