तेलाचा दिवा

एरंडोल मागे पडलं आणि तो लागला.
स्पीडोमीटरच्या खाली, डाळिंबाच्या दाण्याएवढा,
लाल.
खड्डा आला की विझायचा,
रस्ता सपाट झाला की पुन्हा.

चौऱ्याऐंशीची फियाट, मंडळाच्या लिलावात घेतलेली,
दार लावताना अजून शिवी द्यावी लागते.
मागच्या सीटवर आखाजीची डांगरं
आणि टॉवेलात गुंडाळलेली नवी घागर.
ऊन असं, की घागरीलाच तहान लागावी.

भाच्याला फोन केला.
"आत्या, वर काळी चिकटपट्टी लाव नि ये निघून.
जुन्या गाड्यांचं असंच असतं."

बत्तीस वर्षं वीज मंडळात मी तक्रारी घेतल्या.
मॅडम, मीटर पळतंय.
मॅडम, घराला कुलूप होतं, मग युनिटं पडली कशी?
शेरा ठरलेला. मीटर योग्य.
मीटरवर चिकटपट्टी लावणारेही पाहिलेत.
मी इंजिन बंद केलं
आणि बाभळीखाली बसून राहिले
ट्रॅक्टर येईपर्यंत.

पारोळ्याच्या बाहेर, निंबाखाली, सुकलाल मिस्तरी.
पाटी नाही. फांदीला टांगलेला टायर.
बॉनेटला हात लावायच्या आधी त्यानं विचारलं,
"जव्हय लागना, तव्हय आवाज बदलना का?"
आठवून पाहिलं. नव्हता बदलला.
तोच, मिरच्या कांडल्यासारखा.

पट्टी ओढली, पुसली, परत घातली, ओढून उन्हात धरली.
दोन खुणांच्या मधे, काकवीच्या रंगाचं.
"तेल बराबर शे," तो म्हणाला,
"पन तेल रहानं येगळं, तेल फिरनं येगळं."

इंजिनाच्या कुशीत अंगठ्याएवढा स्विच,
त्याला एकच तार.
ती त्यानं उपटली.
"चावी फिरवा. सुरू नका करू. काय दिसस?"
"लागलेलाच आहे."
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

तार हवेत, कशालाच न टेकलेली,
तरी दिवा जळतोय.
म्हणजे वाटेत कुठेतरी
ती उघडी पडून लोखंडाला चिकटली आहे.
उसवलेली शिवण शोधावी तसा
तो बोटांनी तारेवरून सरकत गेला,
बॅटरीच्या मागून, पत्र्याच्या भोकापर्यंत.
तिथं रबर कधीच गळून गेलेलं,
आणि नखभर तांबं चमकत होतं.

काळी चिकटपट्टी त्यानंही लावली.
पण तारेला.

मी पर्स उघडली.
"बसा," तो म्हणाला. "दिवा लबाड निंघना.
इंजिन खरं शे का, हाई आते देखनं पडी."

स्विच काढून त्या जागी घड्याळ बसवलं,
इंजिन तापेपर्यंत चहा मागवला.
त्या अर्ध्या तासात
मला सावखेड्याच्या झेलाबाई आठवल्या.
पंखा नाही, टीव्ही नाही, एक बल्ब, तोही बंद,
आणि मीटरची चकती हळूहळू फिरतेय.
तीनदा आल्या होत्या, दर खेपेला डब्यात कळण्याची भाकरी.
मीटर तपासलं. योग्य होतं. तसं लिहिलं.
ओल्या भिंतीतली तार
कुणी काढून पाहिली नाही.
मीही सांगितलं नाही कुणाला, बघा म्हणून.

काटा थंडीत चारवर, तापल्यावर एकच्या जरा वर,
ॲक्सिलरेटर दाबला की तीन.
सुकलालनं तो मला दोनदा वाचायला लावला.
मग स्विच जागेवर, तार जागेवर,
आणि पैसे घेताना एवढंच,
"चावी फिरवी की लागाले पाहिजे.
ज्या दिवशी लागाव नई, त्या दिवशी पयले या."

एका डांगराला तडा गेला होता,
गाडीभर गोड वास.
चावी फिरवली.
लागला.
थांबले थोडी, उगाच.
मग सुरू केली.