लायसन

गाडी अल्फा रोमिओ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
सुताच्या गोदामात अठरा वर्षं
नापास चादरींखाली झोपली होती.
अजून दमट हवेत सीटला खळीचा वास येतो.

तिला बोलती केली इरय्या दोंतुलनं.
चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात
त्याचे कान गेले.
तो स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातात धरतो,
टोक कार्बोरेटरवर टेकवतो, डोळे मिटतो.
"दुसरा उपाशी हाय," म्हणतो
आणि पाव आटा फिरवतो.

मे महिन्यात आठनंतर तिला बाहेर काढत नाही.
पहाटे होटगी रोड.
स्पीडब्रेकर आला की तिरकी घ्यायची, श्वास रोखून;
तरी खालून एकदा खरवडतंच,
आणि ते माझ्या पोटात कळतं.
पंपावरचा पोरगा दर वेळी विचारतो,
"ॲव्हरेज किती देते?"
आकडा मी बायकोलाही सांगितलेला नाही.

आज आसरा चौकात हवालदारानं हात केला.
सरळ उजव्या खिडकीशी गेला, इरय्याकडे:
"लायसन."
स्टेअरिंग डावीकडे, माझ्या हातात.
इरय्याला ऐकू आलं नाही, पण कळलं.
त्यानं दोन्ही तळवे वर करून दाखवले,
रिकामे, रेषारेषांत ग्रीस.

हवालदार बराच वेळ ते तळवे बघत राहिला.
मग म्हणाला, "जावा."

तिसऱ्या गिअरला इरय्यानं हात डॅशबोर्डवर ठेवला.
"अजून उपाशी हाय."
मला तर ती
अगदी सुरात वाटत होती.