पायथ्याशी जाता येत नाही तेव्हा

फणसे बाईंनी गणित फळ्यावर लिहिलंच नाही.
खिडकीकडे बोट केलं, "ती चिमणी किती उंच?
सोमवारी सांगा."

परदेशीपुऱ्यात कुठूनही दिसायची ती,
वाळत घातलेल्या चादरींच्या वर.
मिल बंद झाल्यापासून धूर नाही,
टोकाशी पिंपळाचं एक रोप.

माझं यंत्र म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक,
आईच्या मशीनचा दोरा, खाली सायकलचा नट,
नेम धरायला रिकाम्या पेनाची नळी.
फाटकातूनच रामरतनने हात हलवला,
"अंदर नहीं जाना, बिटिया."
म्हणजे लगतची बाजू नाही.
काटकोन कुलपाच्या आत.

पोचता येत नसेल तर दोन जागांवरून बघा,
बाईंनी सांगितलं होतं.
मागे मागे सरकत गेले.
पंचेचाळीस अंश : पंक्चरवाल्यासमोर खडूची रेघ.
पोह्यांच्या गाडीला वळसा घालून आणखी मागे,
नट तिसावर स्थिरावेपर्यंत. दुसरी रेघ.
मधलं अंतर शिंप्याच्या टेपने,
दीड दीड मीटर, एकोणीस वेळा, वर अर्धा.
एकोणतीस.
भागिले वर्गमूळ तीन वजा एक.
उत्तर एकोणचाळीस पूर्णांक सहा.

बाबा बाजेवर पडले होते. बत्तीस वर्षं फिटर, तिथेच.
त्यांना विचारलं नव्हतं मी.
मिलचं नाव घरात कुणी काढत नसे.
वहीत डोकावून म्हणाले, "फुटात सांग."
"एकशे तीस."
"बरोबर. एकशे तीसच आकडे, फुटाफुटावर ठोकलेले.
दर दिवाळीआधी चढायचो, विजेची तार तपासायला."
मग जरा वेळाने,
"जमिनीपासून नाही पण. पोरं चढू नयेत म्हणून
पहिला आकडा थेट डोळ्यांसमोर."

पुस्तक उघडलं. धड्याच्या शेवटी, बारीक टायपात :
निरीक्षकाच्या डोळ्यांची उंची मिळवावी.
मी विसरले होते.
चार फूट सात इंच, माझी.

"वरून आपला ओटा दिसायचा," बाबा म्हणाले,
"तुझी आई सूप घेऊन बसलेली."
किती अंशांवर, मी विचारलं.
हसतील वाटलं. ते उठले,
अंगणात जाऊन उभे राहिले,
एक हात वर, काहीतरी घट्ट धरल्यासारखा,
आणि मान खाली घालू लागले, हळूहळू,
"एवढी... नाही, थांब, अजून थोडी."
मी त्यांच्या कानापाशी कोनमापक धरला.
नट हलत राहिला.