साडेचार इंच

बाणेरच्या काचेआड दोघी उभ्या होत्या,
एक पिवळी, इटलीची,
एक करडी, जर्मन.
पिवळी बोलते. करडी घसा खाकरते,
आणि तेवढ्यावरच तिची किंमत कळते.

मी सत्तावीस वर्षांचा.
कंपनीतले माझे सव्वातीन टक्के
गेल्या मार्चात परदेशातल्या कुणीतरी विकत घेतले.
तेव्हापासून बँकेतला माणूस मला सर म्हणतो
आणि मी रोज रात्री
इंजिनांचे आवाज कानाला लावून झोपतो.
व्ही-टेन की फ्लॅट-सिक्स:
कुठल्या मुलीबद्दल, कुठल्या नोकरीबद्दल
मी इतका मन लावून घोळ घातला नव्हता.

शोरूमची मिताली पोंक्षे
टॅबवर रंग बदलून दाखवते.
सीटच्या शिलाईला धागा कुठला, विचारते.
आई धनकवडीत ब्लाउज शिवायची,
पस्तीस रुपये, अस्तर तुमचं.
मी म्हणालो, काळा.

रविवारी नानांना घेऊन गेलो.
तीस वर्षं पीएमटी, स्वारगेट डेपो.
त्यांनी आधी दोघींना फेरी मारली,
बोटाच्या सांध्याने टायर वाजवले,
वाकून पाहिलं, तेल गळतंय का.
फरशी आरशासारखी. तिच्यात त्यांना
स्वतःचीच टोपी दिसली.
मग मितालीला विचारलं,
"पळते ते ठीक. थांबते कशी?"
ती सिरॅमिक ब्रेकचं सांगू लागली.
नाना मान हलवत राहिले,
नव्या बदली ड्रायव्हरचं ऐकून घ्यावं तसे.

पिवळीत बसले ते बसलेच.
सीट जमिनीला टेकलेली, गुडघे छातीशी.
उतरायला एकदा जोर लावला, दोनदा लावला,
मग हसले
आणि दोन्ही हात माझ्याकडे केले.
मी ओढलं.
तळवा अजून स्टिअरिंगच्या मापाचा,
मधोमध घट्टा.

करडीतून ते आपले आपण उतरले.
कुणी काही बोललं नाही.
खरं तर तिथेच ठरायला हवं होतं.

रात्री आईची शिवणाची टेप घेऊन
मी सोसायटीचा रॅम्प मोजला,
मग गल्लीतला गतिरोधक,
नगरसेवकाचा पुतण्या स्कूटरवरून पडला
तेव्हा एका रात्रीत उगवलेला.
सहा इंच. मधे झिजून साडेपाच.
पिवळीचं पोट साडेचारावर.
करडीला बटण आहे,
दाबलं की परकर सावरावा तशी
ती स्वतःला उचलून घेते.
वॉचमन दहिफळे बॅटरी धरून उभा.
"सायेब, काय हरवलं?"
एक इंच, म्हणालो.

मी पिवळी घेतली.
का ते विचारू नका. मी विचारलं होतं स्वतःला,
उत्तरादाखल फक्त तो आवाज आला.
ती राहते बाणेरलाच, मित्राच्या बेसमेंटात,
महिना सहा हजार भाडं.
एवढ्या पैशात आम्ही चौघं राहायचो
आणि वर वीजबिल भरायचो.

नानांना बसवायचं आता ठरून गेलंय:
आधी पाठ, मग उजवा पाय, मग डावा,
मग थोड्या शिव्या.

परवा नळ स्टॉपला सिग्नल लागला.
डावीकडे बस येऊन थांबली,
तिचं पुढचं चाक नानांच्या कानाशी.
बराच वेळ बघत राहिले.
"एवढं मोठं असतं होय हे," म्हणाले,
"वरून कधी कळलंच नाही."
काच खाली केली, टोपी एका हाताने धरली,
मान वर, अजून वर:
"कुठला डेपो?"

ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही.
तो गाडीच बघत होता.
हिरवा लागला, मागे हॉर्न सुरू झाले,
माझ्या पायाखाली सहाशे घोडे खोळंबलेले,
आणि नाना खिडकीतून अर्धे बाहेर,

"अरे, डेपो कुठला?"