गंगावन

आई फणीत अडकलेले केस
बोटाभोवती गुंडाळायची, थू थू करायची,
आणि आरशामागच्या फटीत खोचायची. गुंतवळ.
सावतानगरात महिन्याकाठी हाळी यायची,
केसांवर फुगेऽऽ
गोळा खाली नेऊन द्यायचं काम माझं.
फुगा धाकटीचा.
मी एक बट आधीच काढून ठेवायचे
कंपासपेटीत, कोनमापकाखाली.

त्याच आठवड्यात बाबा न्यायचे त्रिमूर्ती चौकात.
खुर्चीच्या हातांवर फळी, फळीवर मी.
"बारीक करा. कानावर येता कामा नये."
मानेवर गार मशीन.
खाली पडायचं ते कुणीच साठवायचं नाही.

आता कुणी कापत नाही, तर केसच मागे सरकलेत.
कपाळ बाबांचं आलंय, हुबेहूब.
डॉक्टर म्हणाले, आहेत ते राहतील गोळ्यांनी,
गेलेत ते गेले.
म्हणून हा टोप, तीन हप्त्यांत,
चार चिमट्यांचा, भांगासकट.
कुणाचे केस, मी दुकानात विचारलं होतं.
"बायकांचेच. रामकुंडावरचे नव्हेत, ते आखूड असतात."
रामकुंडाचं मी विचारलं नव्हतं.
बाबांच्या दहाव्याला तिथं
धाकटीच्या नवऱ्यानं डोकं पुढे केलं.
मी पुलावर उभी होते, ओढणी घेऊन.

सकाळी साडेसहा. जानेवारीचं पाणी.
हनुवटीवरच्या निळ्या सावलीवर आधी केशरी लिपस्टिक,
मग तिच्यावर त्वचेचा रंग.
लोकांना वाटतं, ही नटते.
मी हिशोब करत असते:
खिडकीची जागा नको,
हसताना मान मागे टाकायची नाही,
लॅबच्या काउंटरवर "उपाशीपोटी आलात ना?"
एवढंच, तेही अर्ध्या आवाजात.

पाथर्डी फाट्याला बस भरते.
कंडक्टर म्हणतो, "पुढे सरका ता–,
पुढे सरका."
हे रोजचं.
त्या दिवशी शेजारची बाई मेथीचं गाठोडं घेऊन उठली
आणि तिच्या शालीचा गोंडा माझ्या चिमट्यात.
टोप सरकला. कानावर आला.
मागची दोन पोरं गप्प झाली.
हसण्याच्या आधी गप्प होतात, मला माहीत आहे.

"हलू नको," बाई म्हणाली.
नखांत माती. मेथीचा ओला वास.
गोंडा सोडवला, स्वतःच्या अंबाड्यातला आकडा
उपसून दातांत धरला, भांग सरळ केला,
आणि खोचला जरा जास्तच दाबून,
शाळेची घंटा झाल्यावर खोचतात तसा.
"चिमट्यानं ऱ्हात नाय. आकडा लावत जा.
माझा निम्मा अंबाडा गंगावनाचाच हाय.
पयल्या बाळंतपणात जे गेले."
मग उतरली, गंगेवर बाजाराला,
मागे न बघता. मेथी सुकत होती.

तिला सगळं कळलं होतं की काहीच नाही,
मी ठरवत बसले नाही.
आकडा अजून आहे. टोकाचा काळा रंग उडालेला.

रविवारी फणीत माझे स्वतःचे केस आले,
दहा-बारा असतील. लांब.
बोटाभोवती गुंडाळले. वाटाण्याएवढं.
तेवढ्यात खाली हाळी. आता फुगे नाहीत,
केसांवर भांडी.
ओल्या डोक्याला टॉवेल, तशीच जिना उतरले.
पोरगी सोळाची असेल.
तळहातावर तोललं, परत दिलं.
"एवढ्याला टाचणी पण नाही येत, मावशी.
साठवा."

मावशी! चौतिसाव्या वर्षी!
तणतणत वर आले.
नव्या फ्लॅटच्या भिंतीला फट नाही.
आरसा खिळ्यावरून थोडा पुढे ओढला
आणि मागे खोचलं.

तेव्हापासून तो जरा तिरका लटकतो.